आधी पानं कोणी उघडायची

४ ऑक्टोबर

ती. दादास,
बारकीचा शि. सा. न.

हे पत्र खाली दुकानात बसून लिहितेय. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठव. फोन वर ह्यांच्या उशाशी असतो, आणि मी नुसती शिंकले तरी ह्यांना त्यातलं खरंखोटं कळतं. तुझ्या गुडघ्याचे टाके निघाले का? निघाले असले तरी लगेच जिने चढायला जाऊ नकोस.

परवा डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. ह्यांच्या पोटात अल्सर नाही, गाठ आहे आणि ती पसरलीय. आता कापाकापीत काही अर्थ नाही, थंडी निघाली तरी पुष्कळ, असं म्हणाले. बाहेर येऊन मी ह्यांना सांगितलं की अल्सर आहे, चिवट आहे, औषधं बरेच दिवस घ्यावी लागतील. हे 'बरं' म्हणाले आणि डॉक्टरांच्या खोलीतलं घड्याळ मागे पडलंय ते पाहिलंस का, म्हणून विचारलं. मी कुठली पाहतेय.

दादा, आईचं आठवतं ना? तिला खरं सांगितलं आणि त्याच दिवशी तिने भिंतीकडे तोंड केलं, ते पुन्हा आपल्याकडे वळवलंच नाही. शेवटी आपण तिच्या पाठीशी बोलत होतो. हे तसे पडलेले मला बघवणार नाहीत. ओठ शिवून घ्यायचे ठरवलंय, शिंपीणच आहे मी.

आता तुझ्याकडचं काम. ह्यांची शनिवारची पोकरची मंडळी आठवतात? न्हावी आणि चष्मेवाला आता खालूनच हाक मारून पुढे जातात. आजाऱ्याच्या खोलीत बसणं लोकांच्या जिवावर येतं. काल हे म्हणाले, तूच शीक, दुपारी दुकान बंद असतं तेव्हा खेळत जाऊ. मला बदाम आणि चौकट दोन्ही लाल असतात एवढंच ठाऊक. तू छापखान्यात जन्म काढलास तो निम्मा यंत्रावर आणि निम्मा पत्त्यांवर, तेव्हा नवशिकीने कुठून सुरुवात करायची ते सविस्तर लिही.

तुझा लोभ आहेच, या दिवसांत तो जरा वाढवून दे.

तुझी,
बारकी


११ ऑक्टोबर

चि. सौ. बारकीस,
दादाचे अ. उ. आ.

तू माझी पत्रं मेहुण्यांना वाचून दाखवणारच, म्हणून त्यांच्या कानावर जायचं नाही ते आधी लिहितो आणि खाली रेघ मारतो. वाचायचं ते रेघेखालून.

पत्र वाचून चहा तसाच राहिला. सांगू नकोस. आईच्या वेळी सांगा सांगा म्हणून मीच सगळ्यांच्या मागे लागलो होतो. कानाला खडा लावलाय. तुला जमेल, कारण जमवावंच लागेल.
_______

हं, तर पोकर. आधी तुझा बटणांचा डबा वर ने, पैशाचं नाव काढायचं नाही. पाच-पाच पानं वाटा, एकदा बटणं लावा, नको ती पानं बदलून घ्या, पुन्हा बटणं लावा, मग पानं दाखवा. जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्याहून तीन सारखी पानं मोठी. बाकीचं मेहुणे सांगतील, पण पाठ मात्र तूच कर.

सुरुवातीचे दिवस दोघांनीही सगळी पानं उघडी ठेवून खेळा, चादरीवर, एकमेकांसमोर. कुठलं पान का टाकलं ते मोठ्याने बोलायचं. यात कोणी हरत नाही की जिंकत नाही. लोकांना हा धडा पोरकट वाटतो, ते तो उरकून टाकतात आणि मग जन्मभर कच्चे राहतात.

पानं झाकून खेळायला लागलीस की पहिली सवय सोडून देण्याची लाव. नवशिक्याचा रोग एकच, प्रत्येक डावात शेवटपर्यंत लटकून राहायचं. हातात काही नसेल तर पानं पालथी टाकायची आणि समोरचा काय करतो ते पाहत बसायचं. तोंड दगडासारखं करायला जाऊ नकोस, तुझे कान लाल होतात हे तू पाच वर्षांची असल्यापासून मला माहीत आहे. त्यापेक्षा सगळं एकाच तऱ्हेने कर. चांगली पानं येवोत की वाईट, तोच हात, तोच वेग, बटण ठेवायची तीच जागा. मग कान लाल झाले तरी कशाने झाले ते कळत नाही.

आणि मेहुण्यांना मुद्दाम जिंकू द्यायचं नाही. घड्याळजी आहेत ते, केसाएवढा फरक त्यांच्या कानाला लागतो.

मेहुण्यांना नमस्कार. तुझा पहिला पराभव मला सविस्तर कळव.

तुझा,
दादा


१९ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

पराभव एवढे झालेत की कुठला कळवू? पानं झाकून खेळायच्या पहिल्याच दिवशी मी राणीच्या जोडीवर अर्धा डबा लावला आणि तोंडावर आपटले. हे इतके हसले की खोकला आला. त्या हसण्यासाठी मी आणखी दोन डबे घालवले असते.

उघड्या पानांचा धडा मात्र मी चार दिवसांतच आटपला. सगळं समोर मांडून खेळायचं म्हणजे भातुकलीच वाटायला लागली. ह्यांना ते आवडत होतं, पण मलाच झाकून खेळायची घाई झाली. आता बरी खेळते. तो एकाच तऱ्हेने सगळं करायचा मंत्र तर मी पत्त्यांबाहेरही लावलाय. गोळ्या देते, पेला ठेवते, डॉक्टरांशी बोलून जिना चढते, सगळं एका चालीत. ह्यांना माझं काही वाचता येत नाही, असं मला वाटतं. तुझी पत्रं वाचतानाही रेघेवरचं गाळते ते ह्यांना कळत नाही.

हे फार वाळलेत. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात सैल झाला, तेव्हा माझी आरी मागून घेतली आणि स्वतःच नवीन भोक पाडलं. किती बारीक आणि नीट पाडलं ते तू पाहायला हवं होतंस. मी खाली येऊन मशीन चालू केलं, शिवायला काही नव्हतं तरी.

तू रागावशील, तरी सांगते. काल मला तीन एक्के आले. ह्यांच्यापुढे थोडीशीच बटणं उरली होती, तीही ह्यांनी लावली. मला ती ओढून घेववेनात. हातात काही नाही म्हटलं आणि पानं पालथी टाकली. ह्यांनी बटणं घेतली, पानं गोळा केली, पिसली. खूश झाले असतील ना रे?

लोभ धरून असशील, ओरडलास तरी.

तुझी,
बारकी


२२ नोव्हेंबर

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सबाईंकडून पेटीत टाकून घेतोय. तुमच्या बहिणीला याची कल्पना नाही, ती खाली कुणाची तरी बाही उसवतेय.

तुम्ही तिला पोकर छान शिकवलंत. माझी तक्रार एवढीच की फार छान शिकवलंत. पूर्वी ती जिना चढायला लागली की पावलांवरूनच मला कळायचं, आज गिऱ्हाईक भांडलंय की कापड कमी पडलंय. आता सगळी पावलं सारखी पडतात. घड्याळ असं चाललं की मी खूश होतो, बायको अशी चालायला लागली की भीती वाटते. तुमचं पत्र वाचताना ती पहिला परिच्छेद गिळते, हे तिच्या श्वासावरून कळतं. शंका मला तेव्हाच आली होती.

चार दिवसांपूर्वी तिने हातात काही नाही म्हणून पानं टाकली. पिसायचं काम माझ्याकडे आहे. उचलली तर तीन एक्के. दादा, नवशिका माणूस तीन एक्के मरेस्तोवर सोडत नाही. ती सोडते म्हणजे समोरचा मरतोय. त्या दुपारी मला पुरतं कळलं.

मी विचारू शकतो. पण विचारलं की तिला वाटेल आपणच कुठेतरी चुकलो, आणि मग ती जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल. तिने आपण होऊन सांगायला हवं. मला बोलायचं पुष्कळ आहे. घड्याळाचे भाग कातायचा माझा लेथ कुणाला विकायचा, कपाटातली घड्याळं कोणाकोणाची, आणि मला भीती कशाची वाटते तेही. अल्सरच्या पेशंटला यातलं काहीच बोलता येत नाही. रोज दुपारी तिच्यासमोर बसून मी थाप मारतो आणि ती माझ्यापुढे थाप मारते, आणि मधल्या मधे दुपार संपते.

तुमच्या आईंचं मला ठाऊक आहे. मी भिंतीकडे तोंड करणार नाही असं वचन देत नाही, कारण तेव्हा काय होईल ते मला माहीत नाही. प्रयत्न करीन. तुम्ही तिला शेवटचा धडा लिहा, पानं दाखवायचा. तो शिकवायचा राहिलाय.

गुडघ्याला जपा. आपली भेट होणं कठीण दिसतं, तेव्हा लोभ होता तो होताच, असं समजावं.

आपला,
मेहुणा


३० नोव्हेंबर

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

आज रेघ मारलेली नाही. हे पत्र मेहुण्यांच्या शेजारी बसून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच.

डाव कसा संपवायचा ते तुला शिकवायचं राहून गेलं. बटणं लावून झाली, समोरच्याने तेवढीच टाकली, की पानं दाखवायची. आधी कोणी? ज्याने शेवटची बटणं वाढवली त्याने. समोरच्याने बरोबरी केली म्हणजे पाहायचा हक्क त्याने मिळवलाय, आता त्याला ताटकळत ठेवायचं नाही. आमच्या छापखान्यात खिळे जुळवणारा एक जुळारी होता. शेवटी पानं दाखवायची वेळ आली की छातीशी धरून बसायचा, आणखी थोडा वेळ, आणखी थोडा वेळ. एकदा तेवढ्यात भोंगा झाला. सगळे यंत्रावर गेले, डाव मोडला, आणि त्याच्या हातात काय होतं ते कुणाला कळलंच नाही. पानं मोठी होती म्हणे. काय उपयोग?

बारके, बटणं तू आणि मी मिळून वाढवली होती. समोरच्याने कधीच बरोबरी केलीय, तो रोज दुपारी वाट पाहतोय. मी तिथे असतो तर आधी माझी पानं उघडली असती. मी नाही, म्हणून तू उघड. आई म्हणजे आई होती. प्रत्येक माणूस तसाच वळेल असं मी धरून चाललो.

दोघांनाही माझी माया.

तुझा,
दादा


२८ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

तार मिळाली असेलच. तुला येता आलं नाही याचं मनाला लावून घेऊ नकोस. आता सगळं नीट सांगते.

तू सांगितलंस तसं तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. जुळाऱ्यापर्यंत ठीक वाचलं. 'तू आणि मी मिळून' इथून पुढे वाचता येईना. ह्यांनी कागद मागितला नाही. मग मी सांगितलं. गाठ, पसरलेली, थंडीपर्यंतची. हे म्हणाले, माहीत आहे, तीन एक्के पाहिले तेव्हापासून. मला आधी रागच आला. पत्र फेकलं आणि बटणांचा डबा उपडा केला. मग आम्ही दोघं रडलो, आणि नंतर चादरीवरची बटणं वेचत बसलो.

त्यानंतर ह्यांनी जे सांगितलं ते माझ्या मनातून जात नाही. पोटात केव्हापासून असह्य दुखत होतं, पण हे बोलत नव्हते. अल्सर एवढा दुखत नाही, म्हणाले, तुझी थाप उघडी पडली असती. मी गोळ्या एका चालीत देत होते आणि हे दात आवळून एका चालीत घेत होते. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं, इंजेक्शन बदललं, आणि हे गाढ झोपले. हे आधीच होऊ शकलं असतं. तुला बोल लावत नाही दादा, मीही त्यात होते. पण हे कुठेतरी लिहायलाच हवं होतं.

उरल्या त्या दुपारी आम्ही पुन्हा तुझ्या पहिल्या धड्यावर आलो. सगळी पानं चादरीवर उघडी. कुठलं पान का टाकतोय ते सांगता सांगता लेथचं बोलणं झालं, घड्याळं कोणाची ते झालं, मी हे दुकान विकू नये हेही झालं. एकदा म्हणाले, हा धडा चार दिवसांत आटपायला नको होता. मी म्हटलं, हो.

शेवटच्या दिवशी अंगात काही उरलं नव्हतं. कूस बदलायला नर्सबाई ह्यांना भिंतीच्या बाजूला वळवत होत्या, तर ह्यांनी मान हलवली. माझ्याकडे वळवायला लावलं. मी पानं वाटली, ह्यांचीही मीच धरली. सत्त्यांची जोडी होती. हे पुटपुटले, दोन बदल. मी म्हटलं, चुकताय, जोडी ठेवून तीन बदलायची. जरा हसले. मी तीन पानं वाटली, उघडी. ती ह्यांनी पाहिली की नाही ते मला कळलं नाही, कारण हे माझ्याकडेच बघत होते.

यापुढे पत्र वर घरच्या पत्त्यावर पाठव. फोन केलास तरी चालेल, आता उशाशी कोणी नसतं.

तुझी,
बारकी