माशा पहाटे जन्मतात

२ एप्रिल २०१९
उद्यापासून साडेसहाला उठणार. पक्कं. २३ तारखेला कमिटी बसतेय. पीएच.डी.ला आणखी एक वर्ष द्यायचं की मला घरी पाठवायचं, ते ठरवणार. मला फक्त वाकड्या पंखांची एक फळमाशी हवी. 'विंगलेस' नावाचं प्रोटीन पेशींना निरोप देतं, तेव्हा पंख घडतो. माझ्या खास, जनुक बदललेल्या नरांच्या पिल्लांत तो निरोप अडायला हवा. चार वर्षं झाली, पंख ठणठणीत! प्रोटीनच चिवट आहे.

३ एप्रिल, सकाळी ११.४०
उशीर झाला. दिल्लीत आमच्या आर. के. पुरमला पाणी सकाळीच येतं, त्याला मी काय करणार? ज्युनिअर सुनीतीचं रोजचं पालुपद: माशा पहाटे जन्मतात, माद्या लगेच वेगळ्या केल्या नाहीत तर बाटलीतल्याच नरांशी जुगतात. मी म्हटलं, यार, न जुगलेली मादी मला नुसत्या नजरेनं कळते. पहिल्या वर्षाला आहे, शिकेल. माद्या निवडल्या, माझ्या नरांबरोबर सोडल्या. या वेळी नक्की.

८ एप्रिल
गजर वाजला. बंद केला. मेंदू ताजा नको? माझ्या गाइड विजयालक्ष्मी मॅडमनी विचारलं, नवीन काय? म्हटलं, बिल्कुल ट्रॅकवर. त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. संताप आला.

१० एप्रिल
दोन तास लाइट नव्हती. माशांचं काही बिघडलं तर मी जबाबदार नाही. लिहून ठेवतोय.

१३ एप्रिल, सकाळी ७.१०
अलका आत्याला स्टेशनवर सोडलं. घरी परतलो असतो तर पाण्याची टाकी धुवायला लावली असती, म्हणून थेट लॅबमध्ये. ३ तारखेची बाटली पाहिली. नऊ माशा, सगळ्यांचे पंख चुरगळलेले! जमलं! फोटो काढले. मॅडमना ईमेल, कमिटीला कॉपी. आईला फोन केला, ती रडली. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा तिने.

त्याच दिवशी, १०.१५
शनिवार असून मॅडम धावत आल्या. मायक्रोस्कोपखाली पाहिलं. सगळे पंख सरळ. मी म्हटलं, प्रोटीन सावरलं, हा दुसरा शोध! सुनीतीने खाली मान घालून सांगितलं की नुकत्या जन्मलेल्या माशीचे पंख चुरगळलेलेच असतात, तासाभरात उघडतात. ती रोज बघते. मग चार वर्षांत मला कुणी सांगितलं का नाही?
मॅडमनी विचारलं, तू माद्या किती वाजता निवडतोस? खरं ते सांगितलं: साडेअकराला, चहा झाल्यावर. मॅडम खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, म्हणजे ती पिल्लं तुझ्या नरांची कधी नव्हतीच.

१४ एप्रिल, सकाळी ५.३०
आपोआप जाग आली. चार वर्षं गेली, आणि प्रोटीनने नाही घालवली. फार वाईट वाटतंय.
आई चहा घेऊन आली. मंडळ पुढच्या रविवारी सकाळी नऊला माझा सत्कार करतंय म्हणाली. तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. म्हटलं, सकाळचं मला जमत नाही.