जुन्या बेरकादीकडे

प्रिय इदिल,

तीन महिने झाले, फोनवर मी तुला ‘बरी आहे, कामात आहे’ एवढंच सांगून गप्प बसतेय. तू दर वेळी विचारतेस, “एब्ला, तुझा आवाज असा का येतो?” आणि मी नेटवर्कला दोष देते. आज सगळं लिहूनच काढते. इथल्या फिलसनच्या फोननं या पानांचे फोटो काढून पाठवीन. तोंडानं सांगायची माझ्यात हिंमत नाही.

आपलं गेदअद पुन्हा उठलंय. दुष्काळात रिकामं झालेलं गाव, तिथं आता एकोणीस घरं परत आलीत. छावणीत एका पातेल्यावर सुरू झालेली आपली बायकांची संस्था आता टिनाच्या खोलीत बसते. शिंप्याच्या दुकानामागे, हो, तीच जागा. मागच्या वर्षी आम्ही ठरवलं की परत येणाऱ्यांना आधी पाणी द्यायचं. पावसाचं पाणी साठवायला गावाच्या पूर्वेला नवी बेरकाद खणली, सिमेंटनं बांधून काढली, वर पत्रा टाकला. गवंडी कोशिन, फिलसनचा नवरा, तो तर रोज मला टोमणे मारायचा, “एब्ला आत्या, जुनी बेरकाद अर्धी शाबूत असताना नवी कशाला? दगडांशी वैर आहे का तुमचं?” मी त्याला सांगितलं, जुनी धोक्याची आहे, छत कोसळलंय, तिकडे कुणी फिरकायचं नाही. बैठकीतही तेच सांगितलं. मी संस्थेची प्रमुख, माझ्या शब्दावर कोण वाद घालणार?

गूच्या हंगामातला पाऊस चांगला झाला. बेरकाद काठोकाठ भरली. रोबलेकाकांनी पहिला घोट घेतला आणि दाढी पुसत म्हणाले, “पोरी, आता मी इथंच मरतो, मला पुन्हा ट्रकात चढवू नका.” सगळे हसले. पंधरा दिवस सगळं छान चाललं होतं. मग बायका दुपारी पाण्यावर जाईनाशा झाल्या.

आधी मला वाटलं, उन्हामुळे. मग एके दिवशी फिलसन माझ्याकडे आली. तुला माहीत नाही ती, लग्न होऊन एल-अफवेनकडून आलेली, तोंडाची फटकळ पण मनानं सरळ. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आत्या, तुमच्या संस्थेनं पाण्याबरोबर आम्हाला एक सासूही दिलीय का?” मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, दुपारच्या बांगेनंतर एक म्हातारी येते. अनवाणी. हातात विणलेलं पाण्याचं भांडं. कुणाची तू, म्हणून विचारते. फिलसननं आपल्या सात पिढ्यांची नावं सांगितली तर म्हातारी मान हलवून ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, ‘त्या जुन्या बेरकादीवर कुणी जात नाही का गं, आई?’ मग वाकून भांडं पाण्यात बुडवलं. “आत्या, माझ्या डोळ्यांदेखत बुडवलं. वर काढलं तेव्हा ते कोरडं होतं. थेंबसुद्धा नव्हता.”

इदिल, एकटी फिलसन नाही. पाच बायकांनी तिला पाहिलं, आणि पाचही नव्या, बाहेरून आलेल्या. जुन्यांपैकी एकीलाही ती दिसली नव्हती. प्रत्येकीला तिनं तोच प्रश्न विचारला होता. ‘आई’ म्हणून, आपल्याकडे म्हाताऱ्या बायका पोरींना म्हणतात तसंच. मी फिलसनला विचारलं, चेहरा कसा होता? ती म्हणाली, चेहरा आठवत नाही, पण डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, चंद्रकोरीसारखा.

चहा उतू गेला तरी मला कळलं नाही.

रोबलेकाकांनी शेखला बोलावलं. त्यानं बेरकादीच्या कडेला बसून कुराणातली यासीन वाचली, पाण्यावर फुंकर घातली. दुसऱ्या दुपारी ती पुन्हा आली. मग बायकांनी बेरकाद सोडलीच. ओढ्यातल्या डबक्यातलं हिरवं पाणी भरायला लागल्या, आणि आठवड्यात चार मुलांना जुलाब सुरू झाले. त्यातली एक, हलीमोची धाकटी, दोन दिवस डोळेच उघडत नव्हती. सात घरांनी तंबू गुंडाळायला घेतले. एवढं पाणी समोर असताना गाव पुन्हा रिकामं होणार होतं. हलीमो माझ्या अंगावर ओरडली, “तुम्ही आम्हाला परत आणलंत! आता तुम्हीच सांगा, ती बाई कोण आहे?” तिचं बरोबर होतं. सांगू शकणारी मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी बांग झाल्यावर मी एकटी बेरकादीवर गेले. ऊन असं की सावली पायाखालीच गोळा झालेली. पन्नासेक शेळ्या बेरकादीजवळच्या कुंडाभोवती उभ्या होत्या. तहानलेल्या, पण एकही पाणी पीत नव्हती. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, कुंडाच्या त्या टोकाला. तिथं कुणी नव्हतं. मी बघत राहिले. मला कुणी दिसलं नाही, इदिल, खरं सांगते. पण मग सगळ्या शेळ्यांची डोकी एकदम, सावकाश फिरायला लागली. समोरून कुणी चालत जावं आणि आपण त्याच्याकडे बघत राहावं, तशी. कुंडापासून काटेरी कुंपणापर्यंत, कुंपणापासून उताराकडे, उतारावरून पश्चिमेला. जुन्या बेरकादीकडे. तिथं ती डोकी थांबली. मग एक शेळी ओरडली आणि सगळ्या पाण्यावर तुटून पडल्या.

मी कोशिनला बोलावलं आणि म्हटलं, फावडी घे, जुनी बेरकाद उघडायची आहे. या वेळी टोमणा न मारता त्यानं फावडी उचलली.

आता ते सांगते, जे तुला सहा वर्षांत सांगितलं नाही.

तो शेवटचा ट्रक तुला आठवत असेल, पण थोडासाच, तू तापानं फणफणली होतीस, नववा महिना, आणि अंगावरून जात होतं. ड्रायव्हर म्हणाला, दोघीच. आई म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे. मी मागच्या ट्रकनं येते, शेळी आज-उद्या व्यायची आहे.” शेळी कधीच मेली होती. मागे ट्रक नव्हता. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. तिनं मला हातानं वर ढकललं आणि मी चढले. मी भांडले नाही. निदान एकदा तरी भांडायला हवं होतं.

सगल जन्मली, तुझा जीव वाचला, आणि नवव्या दिवशी मी पाण्याचा पिंप घेऊन एका गाडीनं परत गेले. घरात आई नव्हती. जुन्या बेरकादीचं छत आत कोसळलं होतं, काटक्या, वाळू, सगळं. मी काठावर उभी राहून तीनदा हाक मारली. आतून काहीतरी वाजलं. दगडावर वाटी आपटावी तसं, दोनदा. मी स्वतःला सांगितलं, वाळू सरकतेय. गाडीवाला भोंगा वाजवत होता, कड ढासळत होती, मी घाबरले होते. मी खाली उतरले नाही. गाडीत बसले. त्यानंतर मी कुणालाही तिथं खणू दिलं नाही.

परवा कोशिन आणि हलीमो आणि आम्ही चौघी दिवसभर वाळू उपसत होतो. आई पायऱ्यांवर बसलेली होती, पाठ भिंतीला टेकवून. तळाच्या चिखलातलं उरलंसुरलं पाणी आणायला उतरली असणार. भांडं मांडीवर होतं. मी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं, ही माझी आई अनब, आणि मी हिला इथं सोडलं होतं. वाटीचा आवाजही सांगितला. हलीमोनं, जिनं माझ्यावर आवाज चढवला होता, तिनंच आपली शाल काढून आईवर घातली. रोबलेकाकांनी जनाज्याची नमाज पढली. काल दुपारी बायका पाण्यावर गेल्या. फिलसन दोन घागरी भरून आली आणि म्हणाली, “कुणी नव्हतं, आत्या.”

आणि काल संध्याकाळीच तुझा निरोप आला, की तुला सुट्टी मिळाली, गुरुवारचं विमान आहे, सगलला आजीच्या कबरीवर न्यायचंय. इदिल, आई दवाखान्यात कॉलऱ्यानं गेली, असं मी तुला सांगितलं होतं, ते खोटं होतं. शहराच्या कबरस्तानातल्या ज्या कबरीचा फोटो मी तुला पाठवला, आणि जो तू सगलच्या पलंगाशी लावलास, ती कुणा परक्याची आहे. कुणाची, ते मला ठाऊक नाही. जिच्यावर नाव नव्हतं अशी मी निवडली. तुमचे सहा वर्षांचे दुवा त्या अनोळखी माणसाला मिळाले. विमानात बसण्याआधी हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिलं. माझं तोंड बघायचं नसेल तर मी दोन दिवस हलीमोकडे जाऊन राहीन, फिलसन तुला जागा दाखवेल. पण पोरीला त्या दुसऱ्या कबरीवर नेऊ नकोस. आईची माती अजून ओली आहे.

तू ठेवलीस तर तुझीच बहीण,
एब्ला