घराखालचं मशीन

११ मार्च

जीवरामभाऊंचं डोकं फोडलं!

लिहिते, नाहीतर झोप येणार नाही. खालच्या गाळ्यातलं एटीएम फोडायला आज भर दिवेलागणीला आले. वीज गेलेली, आमचं दुकान मंगळवारचं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी जिन्यात होते. आधी काच फुटली. मग ठण् ठण् — लोखंडावर लोखंड. मग पहाऱ्यावरच्या जीवरामभाऊंची आरोळी, "ए, कोन शे रे!"

आणि त्यानंतर वेगळाच आवाज. ओला. नारळ फोडल्यासारखा.

खाली पोचेपर्यंत मोटरसायकली गेल्या होत्या. भाऊ मशीनला टेकून बसलेले, जसे रोज टेकायचे तसेच. फक्त एक कान दिसत नव्हता. मशीनवर नुसते पोचे पडलेत. उघडलं नाही.

नवऱ्याने, मननने, त्यांना उचलून गाडीत घातलं. लहान असताना मनन त्यांच्या खांद्यावर बसून पारोळ्याचा बाजार फिरायचा म्हणे. आज भाऊ मननच्या खांद्यावर होते. त्याचा शर्ट मी दोनदा धुतला. डाग तसाच आहे.

१२ मार्च

धुळ्याला ऑपरेशन झालं. शुद्ध नाही.

१५ मार्च

डोळे उघडले! पण बोलत नाहीत. धुरपदाबाई — त्यांची बायको — उशाशी बसून आहे. मला म्हणाली, "नुसता दखतस वहिनी. मी कोन शे तेबी वळखतस का नही, काय माहीत."

मनन वॉर्डाबाहेर भिंतीवर मूठ आपटत होता. बोटांची सालं निघाली. मी हात धरला, तर झटकला.

२० मार्च

मशीनच्या कंपनीचा माणूस आला. अभिमन पाटील. सभ्य आहे, भराभर बोलतो. म्हणाला, आता खाली जाड लोखंडी प्लेट टाकतो, काँक्रीट भरतो, बोल्ट आतून. छताला कॅमेरा आणि स्पीकर. कोणी हात लावला की लांब कुठेतरी ऑफिसात बसलेल्यांना कळतं, ते तिथूनच दम देतात.

"ट्रॅक्टर लावला तरी हलणार नाही, वहिनी."

मी विचारलं, "आणि पहारेकरी?"

"त्याची गरजच नाही आता."

"जीवरामभाऊंचं काय?"

"ते एजन्सीचे." चहा पिऊन गेला.

सासऱ्यांना, पप्पाजींना, मी म्हटलं, काढायला सांगा ना हे मशीन. घराखाली बॉम्ब ठेवल्यासारखं वाटतं. ते हिशेबी माणूस, आवाज न चढवता म्हणाले, "चोर येतात म्हणून कोणी दार काढून टाकतं का?"

२३ मार्च

दिवसभर ड्रिलिंग. भांडी थरथरत होती, दातसुद्धा.

२७ मार्च

मननने गल्लीतली माणसं गोळा केली. पाळ्या लावल्या. काठ्या, सळया. स्वतः पहार आणलीय, पलंगाखाली ठेवतो. काल मला म्हणाला, "एक जण हातात सापडू दे. फक्त एक."

मी ह्या माणसाबरोबर नऊ वर्षं राहतेय. हा आवाज त्याचा नव्हता.

मम्मीजींनी ऐकलं. त्या ह्या घरात बोलतातच कुठे! पप्पाजी आणि मनन बोलतात, त्या ताटं वाढतात.

३ एप्रिल

कुठून सुरुवात करू?

पहाटे उजाडता उजाडता घर हादरलं. भूकंपच वाटला. मी गॅलरीत धावले. खाली पिकअप, मागे साखळी, साखळी शटरमधून आत. गाडी जोर लावत होती, टायरमधून धूर. मशीन जागचं हललं नाही! कॅमेऱ्याला त्यांनी काळा रंग मारला होता, पण स्पीकर चालू होता. बाईचा आवाज, हिंदीत, अगदी शांत — "मशीन से दूर हो जाइए. आप निगरानी में हैं."

मग साखळी तुटली. सापासारखी उलटी आली आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या पायावर बसली. त्याचं हाड मोडलेलं मला वरून दिसलं. मांडीखालचा पाय भलत्याच दिशेला. बाकीच्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. गाडी अमळनेरच्या रस्त्याला लागली.

"या रे बठ्ठा!" कोणीतरी ओरडलं. गल्ली भरली.

आधी लाथा. मग काठ्या. मग त्याला ओढत विजेच्या खांबाला बांधलं, त्याच तुटक्या साखळीने. तरुण होता. तोंडातून रक्ताची तार लोंबत होती. ओरडत होता, "मी कोनले मारं नही! माय वो, मी कोनले मारं नही!"

मी पाण्याचा तांब्या घेऊन खाली गेले. त्याने मान वर केली, ओठ पुढे केले. मननने तांब्या लाथेने उडवला.

"जीवरामभाऊंना पाणी पाजलं होतं का ह्यांनी?"

"मनन, पोलीस येतील. पुरे आता."

"वर जा."

मी गेले. हो, गेले. गॅलरीत मम्मीजी उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला — नखं रुतली. आम्ही दोघींनी पाहिलं. मननने पहार दोन्ही हातांनी उचलली. पहिला घाव छातीवर. दुसरा खाली वाकलेल्या डोक्यावर. त्या दुसऱ्यानंतर ओरडणं थांबलं, तरी तो मारतच राहिला. माणसं मागे सरकली. काही जण मोबाइल खिशात घालून घरी गेले. स्पीकरमधली बाई तेच तेच म्हणत होती, दूर हो जाइए, दूर हो जाइए.

शेवटी पप्पाजी खाली उतरले, त्यांनी पहार काढून घेतली आणि आत नेली. परत आणलेली मी पाहिली नाही.

४ एप्रिल

मेलेल्याचं नाव प्रेमराज.

पोलिसांनी घरोघर विचारलं. कोणी काही पाहिलं नाही. सगळी गल्ली एकाच वेळी गाढ झोपलेली! पप्पाजी म्हणाले, "जमाव होता, साहेब. जमावाला नाव नसतं." ते गेल्यावर माझ्याकडे वळले. "चेलना, तू झोपली होतीस. समजलं?"

मी मान हलवली.

५ एप्रिल

मननशी लोक हात मिळवताहेत. हॉटेलात चहाचे पैसे घेत नाहीत म्हणे. रात्री मात्र बाथरूममध्ये नळ सोडून ओकतो. मी दाराबाहेर उभी राहते. आत जावंसं वाटत नाही. दूर जावंसंही वाटत नाही.

मम्मीजी जेवत नाहीत. "पोट ठीक नाही," एवढंच.

८ एप्रिल

धुळ्याला गेलो होतो. मनन जीवरामभाऊंच्या पलंगाशी वाकला. "भाऊ, एक सापडला, सोडला नाही मी. तुमच्यासाठी." भाऊ छताकडे बघत राहिले. धुरपदाबाई केळं कुस्करत होती, तिचा हात थांबला.

"त्यास्नी तुले सांगं व्हतं का, बाबा?"

मनन बाहेर निघून गेला.

११ एप्रिल

पोलिसांचा फोन. जीवरामभाऊंना मारणारे तिघे सापडले. सापडले म्हणजे — मार्चअखेरीसच! दुसऱ्या एका चोरीत भुसावळकडे पकडले होते, आता कबूल झाले. तीन एप्रिलला ते कोठडीत होते. प्रेमराज त्यांच्यातला नव्हता. ही टोळीच वेगळी.

म्हणजे तो खरं सांगत होता. कोणाला मारलं नव्हतं त्याने.

पप्पाजी म्हणाले, "चोर तर होताच ना." मनन भिंतीकडे तोंड करून पडला. मम्मीजींनी सगळं ऐकलं, भाकरी तव्यावर तशीच जळू दिली.

मी ठाण्यात जाऊ का? मनात शंभरदा गेले. उंबऱ्यापर्यंतही पोचले नाही. नवरा आहे. आणि जे वर उभं राहून पाहिलं, ते खाली जाऊन कोणत्या तोंडाने सांगू?

१२ एप्रिल

कंपनीचं पत्र. मशीन शाबूत राहिल्याबद्दल आमचे आभार.

१३ एप्रिल

मम्मीजी सकाळपासून घरात नाहीत. आत्ता ठाण्यातून पप्पाजींना फोन आला, त्यांनी हातातून सोडलाच, मी उचलला. "कुसुमलताबाई इथे बसल्यात. मुलाचं नाव सांगतात. घरातलं आणखी कोणी पाहिलंय का?"

पाहिलंय, म्हटलं. येते.