बाबांसाठी मूठभर मीठ

॥ देवमाता प्रसन्न ॥
पेत्रोवूनी, ५ मार्च १९७३

चि. सौ. पोलिक्सेनीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं जर्मनीहून पाठवलेलं पार्सल मिळालं. दोन लोकरी बनियन, कॉफीचा डबा, बाळाचा फोटो आणि साबणाच्या सहा वड्या. जकात अठ्ठावीस द्राख्मा पडली. साबण पुन्हा धाडू नकोस, इथे तेलाच्या गाळाचा घरीच होतो.

आता मुख्य. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली म्हणून परवा, मृतांच्या शनिवारी, कबर उघडली. हाडं काढून धुवायला दोन बाटल्या तांबडी वाइन, पांढरं कापड आणि ती अस्थिघरात ठेवायला आईच्या पेटीच्या मापाची नवी पेटी नेली होती. शेजारची वासिलोकाकू खणत होती. तिची कुदळ थांबली आणि मागे न बघताच तिने मला विचारलं, तुझा बाप नक्की मेला होता ना गं. बाबा जसेच्या तसे होते. मिशी तीच. मी काळ्या दोऱ्याने लावलेलं कोटाचं तिसरं बटणही जागच्या जागी. तोंड थोडं उघडं, काही विचारून उत्तराची वाट बघावी तसं. आपल्या चर्चचे पाद्री पपा लुकास, त्यांनी प्रार्थना आवरती घेतली आणि माती परत लोटायला सांगितली. वाइन घरी आणली, पण आता ती स्वयंपाकातही घालवत नाही.

पपा म्हणाले, कुणीतरी यांना सोडलेलं नाही म्हणून माती घेत नाही. शेवटच्या दिवशी गावातल्या सगळ्यांनी खाटेशी येऊन माफ केलं म्हटलं होतं, सर्वांत आधी मी. राहिलीस तू. सतराव्या वर्षी बाबांनी तुला कारखान्याच्या कामाला धाडलं, तेव्हा फलाटावर तू काय बोललीस ते मला पाठ आहे. तर पेलाभर पाण्यात मूठभर मीठ घाल, हे विरघळतं तसा माझा राग विरघळो असं म्हण, आणि ते पाणी बाटलीत भरून पाठव. जूनमधल्या मृतांच्या शनिवारी पुन्हा उघडायचं आहे. तोवर अस्थिघरात आईशेजारची जागा रिकामीच.

जावईबापूंना आशीर्वाद, बाळाला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
एव्हान्थिया


श्टुटगार्ट, २१ मार्च १९७३

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझ्या जावईबापूंना, म्हणजे लाझारोसला, वाचून दाखवलं, तर त्याने जेवण अर्धवट टाकलं आणि उरलेलं मला संपवायला लागलं. तुझ्या पत्रांनी मी जाड होणार आहे.

खरं सांगू का, माती कुणाला घेते न घेते यावर माझा विश्वास नाही. देवावर श्रद्धा आहे का, ते इथे मला कुणी विचारत नाही आणि मीही स्वतःला विचारत नाही. पण तुझ्यावर भरवसा आहे. लहानपणी तू पुलावर आधी जायचीस आणि मग म्हणायचीस, ये. मी यायचे. फळी कुजलीय का ते कधी बघितलं नाही. तसंच हे. तू सांगितलंस म्हणून मीठ घातलं. चमचा हातात घेईपर्यंत ते विरघळूनसुद्धा गेलं. बाटली वेगळी पाठवली आहे, औषधाची आहे, उकळून घेतली आहे.

गुडघ्यांची काळजी घे, चर्चची फरशी एकटीने पुसू नकोस. आठवण ठेवतेसच, तशीच ठेव.

तुझी,
पोलिक्सेनी


॥ देवमाता प्रसन्न ॥
पेत्रोवूनी, १८ जून १९७३

चि. सौ. पोलिक्सेनीस अनेक आशीर्वाद.

बाटली एप्रिलमध्येच मिळाली होती, बूच शाबूत. पाणी त्याच दिवशी कबरीवर ओतलं. रोज धूप घातला, चाळीस दिवस जेवणातलं तेल वर्ज्य केलं. परवा, शनिवारी, पुन्हा उघडलं.

तसेच आहेत. फरक एवढाच की मान वळली आहे. मागच्या खेपेला तोंड आभाळाकडे होतं. आता ते डावीकडे आहे, दोन्ही वेळा मी उभी होते त्या बाजूला. वासिलोकाकू म्हणाली, माती बसली की मान कलते. पण म्हणताना ती माझ्या बाजूची उठून पलीकडे जाऊन उभी राहिली. घरी येताना विचारते कशी, तुझ्या बहिणीने मीठच घातलं ना, की साखर.

मलाही तेच विचारायचं आहे. माझ्यावरच्या भरवशाने विरघळवलेलं मीठ बाबांपर्यंत पोचत नसेल. त्याला श्रद्धा लागत असेल. पपा लुकासना विचारलं, तर म्हणाले, मला माणसाचा भरवसाही पुरतो, देवाचं मी कसं सांगू. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा उघडणार. तेव्हाही असंच निघालं तर बाबांना स्मशानाच्या कुंपणाबाहेर ठेवतील आणि आईशेजारची जागा दुसऱ्या कुणाला देतील. पोरी, मनात काही उरलं असेल तर काढून टाक. हवं तर तुझ्या पाया पडते.

एव्हान्थिया


श्टुटगार्ट, २९ जून १९७३

ती. ताईस सा. न.

पत्र वाचून एक दिवस कामावर गेले नाही. फलाटावर मी बोलले ते खरं. जन्मात माफ करणार नाही म्हणाले होते. पण दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत त्यातलं काही उरलं नव्हतं. बाबांना मी पत्रं लिहिली, त्यांनी तुझ्याकडून उत्तरं लिहवून घेतली, तुला ठाऊक आहे. माझं मीठ विरघळलं, ताई. मी बघितलं.

एक विचारते, रागावू नकोस. बाबा उत्तरेकडे, माझ्याकडे, का नाही वळले? तुझ्याकडे का वळले?

वासिलोकाकूने मला मागे कळवलं होतं की शेवटच्या दिवशी बाबांनी सगळ्यांना खोलीबाहेर पाठवलं आणि तुझ्याशी काही बोलले. तू कधी लिहिलं नाहीस. मीही विचारलं नाही, म्हटलं सांगण्यासारखं असतं तर ताईने सांगितलं असतं.

एकदा तू मीठ घालून बघ.

तुझीच,
पोलिक्सेनी


॥ देवमाता प्रसन्न ॥
पेत्रोवूनी, ११ जुलै १९७३

चि. सौ. पोलिक्सेनीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रागाने जेवले नाही. दुसऱ्या दिवशी, तुझं तोंड बंद करावं म्हणूनच, पेला घेतला.

मीठ तळाशी बसलं. ढवळलं, गरगर फिरलं आणि पुन्हा बसलं. पाणी कोमट केलं. मग झऱ्याचं आणलं. शेवटी चिमूटभरच टाकलं. आज चौथा दिवस आहे, पेला देवापुढे ठेवला आहे आणि खडा न् खडा मोजता येतो. त्याच बरणीतलं मीठ मसुरीच्या आमटीत नीट विरघळलं.

आता लिहिते. शाळेची शेवटची परीक्षा झाल्यावर मी शहरातल्या शिक्षिका विद्यालयाला अर्ज केला होता, तू लहान होतीस. तो अख्खा उन्हाळा पोस्टमनची वाट बघितली. बाबा म्हणाले, काही आलं नाही. मी विश्वास ठेवला. शेवटच्या दिवशी बाबांनी सांगितलं की पत्र आलं होतं, मला घेतलं होतं, आणि त्यांनी ते चुलीत घातलं. म्हणाले, धाकटीवर माझी माया, पण भरवसा तुझ्यावर, हे घर तुझ्या भरवशावर सोडायचं होतं. हे सांगताना ते हसत होते गं, बक्षीस द्यावं तसे. मग विचारलं, केलंस ना माफ? दाराशी पपा लुकास उभे होते, चुलीवर रस्सा उतू जात होता. मी हो म्हटलं.

तेवढंच. म्हटलं, झालं. माझ्या मनात राग आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. पाच वर्षं रोज त्यांच्या नावाने दिवा लावला.

ऑगस्टची पंधरा तारीख ठरली आहे. पपांना अजून काही बोलले नाही. पेल्याजवळून जाताना मी दुसरीकडे बघते. काल मात्र बघितलं. खडे एका बाजूला सरकले आहेत, स्मशानाच्या बाजूला.

तू मला नेहमी विचारायचीस, पुढे काय करू. आता मी विचारते. फळी कुजकी आहे का ते मी बघणार नाही. मूठ पाण्यावर धरलीस तेव्हा मनात नेमकं काय होतं, पाणी गार होतं की ऊन, आधी बोललीस की आधी मीठ सोडलंस, सगळं उलट टपाली कळव.

तुझी ताई