वरच्या खोलीचा जिना

प्रिय धाकटे,

फोन उचलत नाहीस म्हणून लेकीच्या दप्तरातून हे पत्र. फाडायचं तर खुशाल फाड, पण आधी एवढं वाच: तुझी भिंगरी आज वरच्या खोलीत गेली! दप्तर डोक्यावर घेऊन, एकेक पायरी गाळत, आणि जाताना माझ्याकडे अशी बघून गेली, जणू शाळा तिनेच बांधलीय.

तीन आठवड्यांपूर्वी शाळेच्या दारात तू मला काय काय बोललीस! सख्ख्या मावशीनं चौथीतल्या पोरीला दुसरीच्या मुलांत बसवलं, तिच्या कपाळावर ‘ढ’ लिहिलं. पण अगं, आमच्याकडे गणिताच्या तासाला इयत्ता नसतेच. जो जिथे अडला, तो त्या खोलीत. दर शुक्रवारी पाच गणितांची चिठ्ठी, सगळी सुटली की त्याच दिवशी जिना चढायचा. मुख्याध्यापकांना वर्षभराचे गट हवे होते. त्यांच्याशी मी कडाकडा भांडले. कुठल्याच खोलीत कुणी मुक्काम ठोकायचा नाही, हा माझा हट्ट.

भिंगरीचे पाढे तोंडपाठ. फक्त वजाबाकीत बाईसाहेब लहान आकडा मोठ्यातून काढायच्या, मग तो वर असो की खाली. बावन्नातून सदतीस गेले, उरले पंचवीस! मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे समोर ठेवले आणि कमी पडलं की गठ्ठा सोडायला लावला. पहिल्या शुक्रवारी एक बरोबर, दुसऱ्या शुक्रवारी तीन. आज चारशे तीनातून एकशे अठ्ठावन्न, मधे ते दुष्ट शून्य! पोरीनं थेट शंभराचा गठ्ठा सोडला आणि दोनशे पंचेचाळीस काढले. पाचही बरोबर. दुसरीच्या पिल्लांनी बाकं बडवली. मीही बडवलं, वयाचं भान सोडून. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तुझीही हीच चूक होती. अगदी हीच. आज तू नजरेनं कापड बेततेस, कात्री अर्धा इंचही चुकत नाही. तरी आकडेमोड आली की म्हणतेस, ताईला विचारा, मी ढ.

आता ऐक. मी चौथीत, तू तिसरीत, दोन्ही वर्ग एकाच खोलीत. बाईंनी मला जवळ बोलावून विचारलं, तुझ्या बहिणीला कुठे बसवू गं? तू एकाच जागी अडतेस, हे तुझ्या वहीत मला दिसलं होतं. पण रोज तुला शिकवायचा कंटाळा आला होता. मी शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं. शाळा सोडेपर्यंत तू तिथेच राहिलीस, आणि मी तीस वर्षं तोंड उघडलं नाही. आज भिंगरी जिना चढली तेव्हा धीर आला. उद्या शाळेला सुट्टी आहे. ये, रागावायला का होईना. खालच्या खोलीत तिची जागा रिकामी झालीय, आणि काड्यांचे गठ्ठे मी तुझ्यासाठी तसेच बांधून ठेवलेत.

तुझीच, ते बोट दाखवणारी,
ताई