दुसऱ्या रांगेतले बाबा

जोहे,
८ फेब्रुवारी १९९८

ती. रघूमामा,

दिपिकाचा साष्टांग नमस्कार. रोह्याला सगळी बरी असालच. मामीच्या गुडघ्याला तेल तुम्ही चोळता, की अजून शेजारणीला हाक मारता? इकडे आई खुशाल आहे. मी आणि बाबा जरा चिखलात आहोत.

झालं असं, पेणला आमच्या कॉलेजात सरांनी पर्यावरणाची प्रश्नावली दिली. कचरा कुठे टाकता, पाणी जपून वापरता का, असले तीस प्रश्न. मी सगळीकडे 'नेहमी' लिहिलं. (सगळ्यांनीच लिहिलं. मग चहा झाला आणि प्लास्टिकचे कप खिडकीतून मागच्या शेतात गेले. माझाही गेला.) वर्गात सर्वांत पर्यावरणप्रेमी मीच ठरले, म्हणून पालकांच्या मेळाव्यात भाषण माझ्या गळ्यात आलं. मी बोलले प्लास्टरच्या गणपतींवर. ते विरघळत नाहीत, खाडीत महिनोन्महिने पडून राहतात, असं हात वर करून सांगत होते आणि दुसऱ्या रांगेत बाबा दिसले. येणार नाही म्हणाले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, नखांत आमच्या गणपतींच्या कारखान्यातलं प्लास्टर. टाळ्या सगळ्यांत जास्त त्यांनीच वाजवल्या, त्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एसटीत जोहे येईस्तोवर बाबा नखांतलं प्लास्टर कोरत बसले. उतरल्यावर म्हणाले, "बोललीस त्यात खोटं काय नाय. आता शाडूचा एक करून दाखव."

पहिल्याची सोंड गळली. दुसरा पोटात तडकला. तिसरा उचलला तर दोन हात माझ्याबरोबर आले आणि बाकीचा गणपती पाटावरच राहिला. बाबा आपले साच्यांशी. चौथ्याला मात्र उठून आले, अंगठ्याने सोंड सरळ केली आणि सांगितलं की लग्नाआधी ते शाडूचेच करायचे. गिऱ्हाइकाला हलका नि चकचकीत हवा झाला, तेव्हा सोडलं. मामा, मला रडूच आलं. मातीत पाणी जास्त होतंय म्हणून बाबा ओरडले.

मामीला नमस्कार.

तुमची,
दिपिका

ता.क. यंदा तुमच्या घरी हा चौथा गणपती न्याल का? एक कान मोठा झालाय. जड आहे, दोघं या.

ता.क. दुसरा. कान बघून मन बदललं तरी बाबांना 'हो' म्हणूनच कळवा. आज सकाळी त्यांनी शाडूची आणखी सहा पोती गुपचूप आणून ठेवली आहेत. मला म्हणाले, सिमेंट आहे.