डोळे आखलेला राऊटर

१८ ऑगस्ट, सोमवार

धनेशशेठना आज अंघोळ करताना नवीन फीचर सुचलं. ह्या माणसाच्या घरचं पाणी तोडलं पाहिजे!

म्हणे, फोन राऊटरला जोडला की पडद्यावर नाव यावं — अमुक तमुक, आपले स्वागत आहे. गेल्या आठवड्यात काय, तर उदबत्तीच्या वेळेला निळा दिवा. पेण ते रोहा, आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या राऊटरमधला प्रोग्रॅम मी बघते. गणपतीत नेट जाऊ नये, एवढंच मला हवंय. गेल्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर नवं व्हर्जन पाठवलं आणि अख्खं रोहा बंद! जुनं परत टाकेपर्यंत शिव्या खाल्ल्या. अजून तेच जुनं चालू आहे, बिचारं कुरकुर न करता. ह्या वर्षी शेठनी बजावलंय, "नेट गेलं तर प्रतिक्षा, तुझी नोकरी गेली." आणि फीचर कोण आणतंय? हेच!

१९ ऑगस्ट

आणखी एक. नेट सुरू होताना फोनवर मोदक फिरणार. डोकं दुखतंय.

२० ऑगस्ट

ऑफिसच्या खाली पुंडलिककाकांचा गणपतीचा कारखाना. शेठ आपली मूर्ती बघायला उतरले, म्हणाले शेला हिरवा करा. काका म्हणाले, "आखणी झाली, शेठ. एकदा डोले काढले का मंग हात नाय लावायचा." आणि शेठ — हा माणूस! — हात जोडून माघारी.

दुपारी मी ऑफिसचा मुख्य राऊटर काखेत घेऊन काकांकडे. "काका, ह्याला डोळे काढा." "खुलावलीस काय गो?" वेडीच ठरवलं मला, पण चष्मा चढवलाच. काय डोळे काढलेत! राऊटर आता माझ्याकडे असा बघतो, जणू मी काहीतरी लपवलंय.

शेठनी बघितलं. चपला काढल्या. "म्हणजे आता ह्याच्यात काही..." "नाही शेठ. आखणी झाली."

जिंकले!

२२ ऑगस्ट

शांतता. कुणीतरी राऊटरला जास्वंद वाहिलंय. गरम होतो म्हणून काढलं. परत वाहिलं.

२४ ऑगस्ट, रविवार

मेले.

चतुर्थीआधी सगळ्यांना पाठवायचं नवं व्हर्जन, निळा दिवा आणि स्वागताची नावं घातलेलं, मी गडबला गावच्या घरी लावून ठेवलं होतं. मुंबईची आत्या आली, मुलं, सुना, नातवंडं. पोरांनी भराभर फोन जोडले आणि राऊटर झोपला. उठला, परत झोपला. स्वागताच्या नावांनी आतली सगळी जागा खाल्ली! फोन वाढले की संपलं. ऑफिसात आम्ही चार माणसं, चार फोन. गणपतीत कोकणातल्या घरात किती माणसं असतात हे मला, गडबच्या पोरीला, सुचू नये? नव्या व्हर्जनमध्ये दुरुस्ती केल्याशिवाय सुटका नाही.

२५ ऑगस्ट

"शेठ, थोडी दुरुस्ती."
"डोळे आखलेत!"
"नेट जाईल हो!"
"नोकरी जाईल तुझी. पाप तरी नाय लागणार."

स्वतःच खणलेला खड्डा. कुणाला सांगू!

रडत काकांकडे गेले. ते म्हणाले, "रंगाचा टवका उडाला तर आमी डोल्यांवर रुमाल बांधून लावतो. त्याला दिसत नाय." शेठना पटलं. राऊटरला रुमाल बांधला, मी कामाला बसले. नावं काढून टाकली. मागून शेठ हळूच, "प्रतिक्षा... रुमाल बांधलाच हाय, तर तो मोदक पण—"

२६ ऑगस्ट

मोदक गेला आत. न तपासता! नको नको म्हणून पाया पडायची बाकी होते. सगळ्या घरांना व्हर्जन पाठवायचं काम रोह्याच्या मिथुनचं. शेठनी त्याला संध्याकाळचा मुहूर्त दिलाय.

२७ ऑगस्ट, चतुर्थी

आरतीत एका हातात टाळ, एका हातात फोन. आई डोळे वटारत होती. एकही तक्रार नाही. अजून तरी.

२८ ऑगस्ट

आजही नाही! कोलाडच्या विमलबाईंचा मुद्दाम फोन — "नवा नेट लय जोरात पलतो गो!" शेठ हवेत. "बघ, मी सांगत होतो, माणसांना नवीन पाहिजे असतं!" पगार वाढवलाय. गणपती झाले की दर आठवड्याला एक नवं व्हर्जन, म्हणे. नोकरी वाचली. मला तर शेठचा मुकाही घ्यावासा वाटला, शी!

२९ ऑगस्ट

मिथुनचा फोन. "रागवू नको. त्या दिवशी मखर करायला लवकर घरी गेलो. पाठवायचं रायलंच. आता पाठवू?"

म्हटलं, मिथुन, तुला माझ्या गळ्याची शपथ — काही पाठवू नकोस.